नाना, दाराचं तेवढं राहिलं

नाना,

तुम्ही गेलात त्या दिवशी नरडाण्याला वारा अजिबात नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. धूर सरळ वर गेला, ओळंबा उलटा धरल्यासारखा, आणि मी त्या गर्दीत उभा राहून खिशात तपकिरीची डबी शोधत होतो. मी तपकीर ओढत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्याबरोबर उभं राहायचं तर कुणीतरी चिमूट हवेत सोडायला हवी, ती कुठं जाते ते बघायला हवं आणि उरलेली नाकात कोंबून म्हणायला हवं, "थोडी वाराले, थोडी माले." त्या दिवशी कुणीच म्हटलं नाही. तुमच्याशिवाय मला वाऱ्याची दिशा कळत नाही, हे मला तिथं समजलं.

वर्तमानपत्रात फोटो आला. खाली सेवानिवृत्त मंडळ अधिकारी वगैरे सगळं व्यवस्थित होतं. फोटोत टोपी इतकी सरळ होती की मी आधी तुम्हाला ओळखलंच नाही. ते वगैरे-वगैरे मला लिहायचं नाही. मला दाराचं लिहायचं आहे. ज्या दारावरून आपण बारा वर्षं भांडलो, ते दार. मी हरलो तरी तुम्ही भाकरी वाढायचात आणि जिंकलो तरी वाढायचात, त्यामुळं भांडण संपवायची मला कधी घाई नव्हती. आता संपवायला हवं. आणि ऐकायला तुम्ही नाही, हे माझ्या नेहमीच्या नशिबाला धरून आहे.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकताना तुम्ही नेहमी नव्यानं चिडायचात.

जामनेर तालुक्यातलं ते गाव. नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणायचात, गाव माणसांवरून ओळखावं, एका वाईट दुपारीवरून ओळखू नये. वैशाख होता. आपल्याकडं उन्हाळ्यात वावटळ म्हणजे घरचीच. पोरं तिच्यात शिरतात, बायका वाळवणावर लुगडं टाकतात, म्हातारे बाजूला थुंकतात आणि म्हणतात, गेली. पण त्या दुपारची जमिनीतून उठली नव्हती. काळ्या ढगातून हत्तीच्या सोंडेसारखी खाली उतरली, केळीच्या बागा लोळवत आली, गावाची दक्षिण कड घासून गेली आणि नदीपलीकडं विरली. चहाला उकळी यावी एवढ्या वेळात सगळं संपलं.

त्या दक्षिण टोकाला सोसायटीचं नवं गोडाऊन होतं, विटांचं. त्याच्या भिंतीच्या सावलीत तीन बायका ज्वारीचे पापड, आपले बिबडे, थापत बसल्या होत्या. सोंड पाहिल्यावर त्या पळाल्या नाहीत. भिंतीला चिकटून बसल्या. त्या टोकाला नव्या विटांच्या भिंतीपेक्षा भक्कम आसरा कुठला? तीच भिंत त्यांच्या अंगावर आली. तिघीही गेल्या.

भिंत बांधली होती गावच्याच धोंडू मिस्तरीनं. आणि तिघींतली एक त्याची थोरली वहिनी होती, आई गेल्यावर त्याला पदराखाली घेऊन वाढवणारी.

गावानं दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. वारा नुसता निमित्त, मारलं धोंडूनं. सिमेंटात वाळू घातली असणार. लोक त्याच्या दारावरून जाईनात. तसं त्याला दारही उरलं नव्हतं, पण ते पुढं येईल. त्याला पोलिसांत द्यायचं की नाही, हे आपल्या अहवालावर ठरणार होतं. भिंत वाऱ्याच्या जोरानं पडली की कच्ची होती म्हणून पडली? एक रकाना, त्यात एक ओळ, आणि त्या ओळीखाली आपल्या दोघांच्या सह्या.

मी तेव्हा पंचविशीतला ओव्हरसियर, जळगावच्या कचेरीतून पाठवलेला. माझ्या खिशात एक मोठा खिळा असायचा. भिंतीचा मसाला खिळ्यानं ओरखडायचा, भुसा पडला तर कच्चा, नाही पडला तर पक्का. एवढी एकच विद्या मला येत होती आणि ती मी मंत्रासारखी फेकायचो. तुम्ही त्या भागाचे सर्कल अधिकारी, पन्नाशी ओलांडलेले, बुटके, छत्री काखेत. कागदावर शुद्ध मराठी आणि राग आला की नरडाण्याची अहिराणी. माझ्याकडं पाहून तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं, "खिळा धरीसन ये नको. माले घाबराले व्हस."

तिसऱ्या दिवशी आपली जीप गावात शिरली आणि आपण दोघंही थक्क झालो. नाना, आठवतं? गाव चकाचक! रस्त्यावर सडा टाकलेला. मोडलेल्या फांद्या तोडून एका बाजूला रचलेल्या. बागांतल्या आडव्या केळी कापून बांधावर टाकलेल्या. आणि मोठ्या लिंबाखाली, सगळं नुकसान मांडून ठेवलेलं! लांब पत्रे एका ओळीत, आखूड पत्रे दुसऱ्या ओळीत. मोडक्या खाटा, सूप, पाटे, एक सायकल, दोन देव्हारे. पोलीस पाटील हात जोडून पुढं आले.

"साहेब, तुमाले उन्हात फिरा लागू नये म्हून सारं एका जागी आनून ठेवलं. गाव तीन दिवस राबलं."

तुम्ही छत्री जमिनीला टेकवलीत.

"हाई रुखवत कोनं शे, पाटील? लगीन कोनं शे?"

पाटलांना कळेना की साहेब रागावले कशावर. त्यांची तरी काय चूक? मोठा साहेब येणार म्हटल्यावर झाडून-पुसून ठेवायचं, ही गावाची रीत. शोकात असलेल्या गावानंही ती पाळली. पण वारा मोजायचं यंत्र काही त्या गावात नव्हतं. होती ती वाऱ्यानं मागं ठेवलेली सही. पत्रा बाभळीवर लटकलेला, खाट दोन शेतं ओलांडून गेलेली, केळी कुठल्या अंगाला झोपली ते. गावानं ती सही पुसून, घडी घालून आपल्यापुढं ठेवली होती. लिंबाखालच्या पत्र्याला काय विचारणार, किती लांब उडालास बाबा?

मी म्हणालो, "आता काही होत नाही नाना. परत जाऊ."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाहीत. गावाला म्हणालात, "बठ्ठं परत नेईसन ठेवा. जठे सापडनं तठे."

तो तमाशा मी आजवर निदान शंभर ठिकाणी रंगवून सांगितला असेल. दर वेळी थोडा वाढवून. पण तुमच्यापुढं खरंच सांगतो: खरा प्रकार माझ्या वाढवलेल्यापेक्षा मोठा होता. डोक्यावर पत्रे घेऊन शंभर माणसं उन्हात पांगली. एकजण पत्रा घेऊन बाभळीवर चढला. एक म्हातारी पाटा छातीशी धरून बांधावर उभी, हलेचना, म्हणे, "माहा पाटा इथीच होता, पन बांध नव्हता." पाटलांनी तर एक पिसं उडालेली कोंबडी आणून उभी केली. जिवंत, उघडी, अत्यंत नाराज.

"साहेब, हे बी पुरावा हाये."

तुम्ही टोपी काढून तिच्याकडं पाहिलंत. "हिले काही पांघराले द्या रे."

तेवढ्यात गडबड लक्षात आली. जो तो आपली वस्तू लांब नेऊन ठेवत होता! विठोबा नावाच्या गृहस्थानं आपली खाट इतकी लांब नेली की ती शेजारच्या गावच्या शिवारात गेली. माझ्या खाटेला वाऱ्यानं जास्त मान दिला, एवढाच त्याचा आनंद होता. मी कपाळावर हात मारला. आणि तुम्ही, नाना, तुम्ही तपकिरीची चिमूट हवेत सोडलीत आणि मी आजपर्यंत पाहिलेला सर्वांत हुशार हुकूम काढलात.

"थांबा. आपापलं कोणी ठेवायचं नाही. ज्यानं त्यानं शेजाऱ्याचं ठेवायचं."

बस्स! दुसऱ्या क्षणी विठोबाची खाट दोन शेतं मागं आली. त्याचा शेजारी ओरडत होता, "अरे लेका, कांद्याच्या वाफ्यात होती ती, मीच उचलली!" शेजारी शेजाऱ्याचं नुकसान टीचभरही वाढू देत नाही. दोन तासांत सगळं जागच्या जागी बसलं. आपण पाण्याच्या टाकीवर चढलो आणि वरून ते दिसलं. केळीचे उरलेले खुंट अलीकडं एका अंगाला कललेले, पलीकडं उलट्या अंगाला, पत्रे दोन्ही बाजूंना फेकलेले, आणि मधून एक पट्टा गेलेला, शेतातून बैलगाड्यांची लग्नाची वरात जावी एवढा रुंद. पट्ट्याच्या मध्यावर कुणाची तरी विहिरीवरच्या मोटारीची खोली होती. पक्की, चांगल्या मसाल्याची. तिची भिंत एकसंध, पाटासारखी आडवी झाली होती. एकही वीट सुटली नव्हती.

"पक्की भिंत पडनी," तुम्ही म्हणालात. "मंग कच्चीनं काय?"

"ती मध्यावर होती," मी म्हणालो. "गोडाऊन पट्ट्याच्या कडेला आहे. कडेला जोर कमी. तिथं पक्की भिंत उभी राहिली असती." आणि मी खिशातून गोडाऊनच्या मसाल्याचा खडा काढून तुमच्या हातावर चुरगाळला. भुसा पडला. तुम्ही बराच वेळ हात तसाच धरून बसलात, भुसा न झटकता.

मुद्दा स्पष्ट होता. गोडाऊनपाशी वारा पूर्ण जोरात होता की नाही? होता, तर धोंडू सुटला. नव्हता, तर त्यानंच मारलं.

गावात चुली पेटल्या नव्हत्या. दुपारी शेजारच्या गावाहून भाकरी आल्या. तुम्ही जेवून लिंबाखाली पडलात, तोंडावर टोपी. मी गोडाऊनकडं गेलो, अजून थोडा मसाला खरवडायला. धोंडू ढिगाऱ्यात बसून एकेक वीट उचलत होता, तिला चिकटलेला मसाला नखानं काढत होता, वीट साफ करून रचत होता. तीन दिवस तेच करत होता म्हणे. जेवला नव्हता. माझा खिळा पाहून म्हणाला, "कायले खिळा मळवता साहेब? मसाला पातळच होता. सिमेंट पुरलं नाही, पावसाआधी छत टाका म्हनून गाव मागं लागलं, मी तानून नेलं. तुमी लिवून टाका. तुमी लिवलं का मी मोकळा."

आणि "मोकळा" म्हणताना त्यानं माझ्याकडं नाही, विहिरीकडं पाहिलं.

एवढं मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यापुढचं नाही.

डुलकी झाल्यावर तुम्ही त्या टोकाकडं आलात. तिथं गोडाऊनला लागून दोनच घरं, धोंडूचं आणि तुळसामायचं. तुळसामाय ऐंशीच्या घरात, वाळक्या शेंगेसारखी, उंबऱ्यात बसून मिश्री लावणारी. धोंडूच्या घराचं सागवानी दार चौकटीसकट उपटून गेलं होतं. जड म्हणून रुखवतात आलंच नव्हतं, पडलं तिथंच राहिलं होतं. आणि ते पडलं होतं घरापासून चांगलं पंचेचाळीस पावलांवर, तुळसामायच्या गोठ्याच्याही पलीकडं. एवढं जड दार एवढं लांब, म्हणजे इथं नुसती कड लागलेली नाही, झोत पुरा अंगावर आलेला. तुम्ही दाराभोवती एक फेरी मारलीत. खाली वाकून काहीतरी पाहिलंत. मग तुमच्या नियमाप्रमाणं शेजाऱ्याला विचारलंत.

"माय, हे दार इथंच पडलं होतं?"

तुळसामायनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं, सावकाश माझ्याकडं पाहिलं, मग तुमच्याकडं.

"हो. तिथीच."

संध्याकाळी तुम्ही अहवाल लिहिलात. कार्बन घालून, जांभळ्या अक्षरात. माझ्यापुढं केलात. मी न वाचता सही केली. जीपमध्ये बसल्यावर तुम्ही कार्बनची नक्कल घडी घालून पिशवीत ठेवलीत. मग विचारलंत, "खरं लिखं का रे आपन?" मी म्हणालो, "हो." तुम्ही म्हणालात, "त्या तिन्ही बायास्ले कोनी इचारं का?"

धोंडू वाचला. दोन वर्षं त्यानं थापी हातात धरली नाही. मग धरली, आणि आता त्या पंचक्रोशीत त्याच्या भिंतीला खिळा लागत नाही. गिलावा करण्याआधी तो घरमालकाला बोलावतो आणि म्हणतो, ओरखडून बघा. मालक नको म्हणाला तरी ओरखडायला लावतो.

आणि आपण दोघं भांडत राहिलो. दर हिवाळ्यात मी नशिराबादहून हिरवी वांगी घेऊन पॅसेंजरनं नरडाण्याला यायचो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात, आणि तिसऱ्या घासाला तुम्ही सुरू करायचात.

"म्हातारीनं फसाडं माले."

"तुळसामाय खोटं बोलणारी नव्हती नाना."

"दार एकतीस पावलं जास्ती लांब सांगं तिनी."

"तीस."

"एकतीस."

"तीस, नाना! तुमचं पाऊल आखूड आहे."

त्यावर तुम्ही ठसका लागेपर्यंत हसायचात आणि आत ओरडून सांगायचात, "अवं, याले आखो भाकर वाढ!" अक्का भाकरी घेऊन येताना माझ्याकडं पाहून तोंडाला पदर लावायच्या. मला वाटायचं, हे नवरा-बायको माझ्या हजरजबाबीपणावर फिदा आहेत. नाना, स्वतःबद्दल गैरसमज करून घेण्यात माझा हात धरणारा खान्देशात दुसरा नसेल.

तुळसामाय मधल्या काळात गेली. तुम्ही तिच्या नावानं "म्हातारीनं फसाडं" म्हणत राहिलात आणि मी भरीत खात राहिलो. मी मेलेल्या म्हातारीवर आळ येऊ देत होतो. तो घास कसा गिळला जायचा, विचारू नका. भरीत चांगलं असायचं, एवढंच.

आता ऐका. तुम्ही टोपीखाली घोरत होतात तेव्हाचं.

धोंडूनं विहिरीकडं पाहिलं आणि माझ्या हातातला खिळा मला एकाएकी फार जड वाटला. दार तेव्हा घराच्या समोरच पडलेलं होतं, पंधरा पावलांवर. मी इकडं तिकडं पाहिलं. धोंडू पाठमोरा, पुन्हा विटांत बुडालेला; दुसरं कुणी नव्हतं. ओढलं असतं तर जमिनीवर चर पडला असता, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी दार उभं केलं, पुढं पाडलं. उभं केलं, पुढं पाडलं. कोलांट्या देत नेलं, चौकटीसकट! उन्हानं डोळ्यांपुढं काजवे. मध्येच तुळसामायच्या अंगणातल्या लिंबाला पाठ टेकून दम खाल्ला. पाठीत काहीतरी कचकन टोचलं, सदरा फाटला, शिवी हासडली आणि पुन्हा दाराला भिडलो. गोठ्यापलीकडं नेलं आणि गोठ्याच्याच भिंतीला नीट टेकवून ठेवलं.

"वारं काय दार टेकून ठेवते का रे बाबू?"

मी वळलो. तुळसामाय उंबऱ्यात होती. पहिल्यापासून होती. पहिल्या कोलांटीपासून मिश्री लावत पाहत होती.

"आडवं पाड," ती म्हणाली. "आन् हात धुऊन घे. रांजनात पानी हाये."

मी दार आडवं पाडलं. हात धुतले. ती आणखी एक वाक्य बोलली, नाना, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "त्या तिघींत एक माही भाची होती." आणि मिश्रीचं बोट पुन्हा तोंडात घातलं.

दाराची गोष्ट ती अशी. तुमच्या त्या नियमात मीच खोट घातली आणि शेजारणीनं ती स्वतःच्या अंगावर घेतली.

हे मी तुम्हाला पहिल्याच हिवाळ्यात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तुम्ही मला जीपमधून उतरताना "आते तुले काम समजनं" असं म्हणाला होतात आणि ते एक वाक्य मला परत द्यायचं नव्हतं. मग दुसरा हिवाळा आला. खोट्याचंही लोणच्यासारखं आहे, मुरलं की बरणी उघडायला जीव होत नाही.

परवा तुमच्या तेराव्याला आलो. अंगणात तुमचा नातू ओरडला, "अक्का, दारवाला काका उना!" पोर मला लहानपणापासून तेच म्हणतं. मी समजायचो, दारावरून भांडतो म्हणून दारवाला. धोंडूही आला होता. नमस्कार करून झाल्यावर तुमच्या ओसरीच्या भिंतीवर सवयीनं नखानं एक ओरखडा काढला आणि मान हलवली. पास झाली तुमची भिंत.

माणसं पांगल्यावर अक्कांनी एक जुनी पिशवी पुढं सरकवली. म्हणाल्या, "हाई तुले देवानं शे. त्यास्नी सांगी ठेयेल व्हतं." आत जांभळ्या अक्षरांची नक्कल. आपला अहवाल. बारा वर्षांनी मी तो पहिल्यांदा वाचला.

नाना, त्यात दार नाही.

तुमच्या शुद्ध मराठीत लिहिलं आहे: भिंतीचा मसाला कमी प्रतीचा होता. त्याखाली लिहिलं आहे: तथापि गोडाऊनलगतच्या लिंबाच्या सालीत कडब्याच्या काड्या बोटभर खोल रुतलेल्या आढळल्या. मध्यावरची पक्की भिंतही आडवी झाली आहे. सबब या जागी वाऱ्याचा जोर असा होता की उत्तम भिंतही टिकली नसती. दोन्ही खरं. तिघींना सांगता येईल असं, आणि धोंडूलाही.

आणि तो लिंब कुठला? ज्याला पाठ टेकून मी दम खाल्ला, तोच! वाऱ्याचा खरा पुरावा मला पाठीत टोचत होता आणि मी त्याला शिवी देऊन खोटा पुरावा उभा-आडवा करत पुढं नेत होतो. माझ्यासारखा ओव्हरसियर सरकारला पुन्हा मिळाला नाही, हे सरकारचं भाग्य.

मी अक्कांकडं पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता, पण या वेळी डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तेस्नी तवयच ठसा मोजेल व्हतात रे भाऊ. चौकटना. तेरा. सारखा अंतरवर. माले घर ईसन सांगं. म्हने, वारा काय पावलं मोजीसन चालस का?"

"मग ते बोलले का नाहीत अक्का? बारा वर्षं म्हातारीचं नाव घेत राहिले!"

"तू सांगशी म्हनीसन. दर साल वांगा उनात का म्हनेत, औंदा सांगी."

औंदा सांगेल. बारा वर्षं. तुम्ही तिसऱ्या घासाला माझ्यासाठी जागा मोकळी करून ठेवत होतात आणि मी तिथं बसून पावलांचा हिशेब घालत होतो. आणि केवढा मूर्ख मी! म्हातारीनं दार किती पावलं जास्त लांब सांगितलं, हे तुम्हाला कसं कळणार, आधी ते कुठं होतं ते ठाऊक असल्याशिवाय? तुम्ही "एकतीस" म्हणालात तेव्हाच मी उठून उभं राहायला हवं होतं. मी मात्र छाती काढून दुरुस्ती केली, "तीस!" म्हणजे कबूल तर मी पहिल्याच हिवाळ्यात झालो होतो. दर वर्षी होत होतो. म्हणून ती आणखी एक भाकरी.

काल जळगावला परत आलो. वाटेत, पॅसेंजर थांबली असताना, खिडकीतून तपकिरीची चिमूट सोडून पाहिली. अक्कांनी पिशवीत तुमची डबीही टाकली होती. समोरच्या बाकावरच्या व्यापाऱ्याला सतरा शिंका आल्या. त्यानं मला राजस्थानीत जे सुनावलं ते तुम्हाला फार आवडलं असतं.

दार मी हलवलं, नाना. फसवलं मी, तुळसामायनं नाही. घराच्या पंधरा पावलांपासून गोठ्यापलीकडं, तुम्ही झोपला होतात तेव्हा, एकट्यानं.

आणि एकतीसच पावलं. मान्य.